महागाईचा हिशेब उघडा, स्थैर्याचा झाकलेला

रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतल्या मध्यवर्ती कार्यालयातून दोन अहवाल वर्षातून प्रत्येकी दोनदा बाहेर पडतात. पतधोरण अहवाल एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतो, वित्तीय स्थैर्य अहवाल साधारणपणे जून आणि डिसेंबरच्या अखेरीस. महागाई कुठे चालली आहे आणि व्याजदराने तिला कितपत आवर घालता येईल, हे पहिला सांगतो. उद्या मोठा धक्का बसला तर बँका, बिगर बँकिंग वित्तीय कंपन्या आणि रोखेबाजार तो सोसतील का, हे दुसरा सांगतो. दोन्हींमागे बँकेतल्या अर्थतज्ज्ञांची आणि संख्याशास्त्रज्ञांची मोठी मेहनत आहे. पण काही वर्षांचे अहवाल ओळीने वाचले की एक फरक ठळकपणे जाणवतो. पतधोरण अहवालात मागचा अंदाज काय होता, प्रत्यक्ष महागाई किती निघाली आणि फरक का पडला, हे प्रत्येक वेळी लिहिलेले असते. स्थैर्य अहवालात असा स्वतःचा हिशेब जवळजवळ सापडत नाही. माझ्या मते रिझर्व्ह बँकेच्या संशोधनाचे बळ आणि त्याची उणीव या दोन्हींचे मूळ या एका फरकात आहे.

संशोधनाची परंपरा या संस्थेत जुनी आहे. १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली आणि चलन व वित्तविषयक वार्षिक अहवाल पहिल्या काही वर्षांतच निघू लागला. चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ या काळात गव्हर्नर होते. त्यांच्याच कारकिर्दीत संशोधन व सांख्यिकी विभाग आकाराला आला आणि जानेवारी १९४७ पासून बँकेचे मासिक बुलेटिन सुरू झाले. त्यानंतर लवकरच ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी झाली. समितीत पुण्याचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. १९५४ च्या अहवालाने दाखवून दिले की शेतकऱ्याने उचललेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के होता आणि सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांकडून येत होते. सहकाराबद्दल देशभर भाषणे होत असताना मध्यवर्ती बँकेनेच हा आकडा लोकांपुढे ठेवला. त्याच अहवालाच्या शिफारशींतून पुढे १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. गैरसोयीचे निष्कर्ष छापायची आणि त्यांवरून धोरण बदलायची ताकद या संशोधनात तेव्हापासून होती.

पतधोरणाच्या बाबतीत मात्र बँकेचे हात बराच काळ बांधलेले होते. सरकारची तूट भरून काढण्यासाठी तात्पुरती म्हणून निघालेली ट्रेझरी बिले रिझर्व्ह बँकेने आपोआप घ्यायची आणि त्या बदल्यात पैसा पुरवायचा, ही पद्धत कायमचीच होऊन बसली. सुखमय चक्रवर्ती समितीने १९८५ मध्ये या व्यवहाराचा आणि भाववाढीचा संबंध स्पष्ट मांडला आणि पैशाच्या पुरवठ्याच्या वाढीला लक्ष्य ठरवून द्यावे असे सुचवले. प्रत्यक्षात त्या बिलांना मूठमाती मिळायला मार्च १९९७ उजाडले. गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या काळात १९९४ मध्ये सरकारशी झालेला करार त्याचा पाया होता. म्हणजे निष्कर्ष निघाल्यापासून तो अमलात येईपर्यंत बारा वर्षे गेली. संशोधनाला राजकीय सहमती मिळायला किती वेळ लागतो, याचा हा धडा पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवावा लागतो.

पुढचा मोठा टप्पा २०१४ चा. त्याआधी रिझर्व्ह बँक प्रामुख्याने घाऊक किमतींचा निर्देशांक पाहत असे, आणि घराघरांतला खर्च दुसऱ्याच वेगाने वाढत होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये किरकोळ महागाई ११ टक्क्यांच्या वर गेली होती. तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर ऊर्जित पटेल यांच्या समितीने जानेवारी २०१४ मध्ये सांगितले की ग्राहक किंमत निर्देशांक हाच मापदंड धरा, जानेवारी २०१५ पर्यंत महागाई ८ टक्क्यांवर आणि त्यानंतर एका वर्षात ६ टक्क्यांवर आणा, मग ४ टक्क्यांच्या लक्ष्याकडे वळा. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायदा बदलला. सहा सदस्यांची पतधोरण समिती आली. महागाई ४ टक्के, वर किंवा खाली २ टक्क्यांची मुभा, हे लक्ष्य ठरले. सलग तीन तिमाहींत महागाई या मर्यादेबाहेर राहिली तर ते अपयश मानायचे आणि त्याची कारणे, उपाय आणि लागणारा कालावधी बँकेने सरकारला लेखी कळवायचा, असेही ठरले.

अपयशाची व्याख्या कायद्यात आल्याबरोबर संशोधनाला धार आली. समितीच्या प्रत्येक सदस्याने दिलेले मत आणि त्यामागची कारणे चौदा दिवसांनी प्रसिद्ध होतात. अंदाज चुकला तर आकड्यांसकट दिसतो. त्यामुळे अंदाज बांधणारी प्रारूपे, कुटुंबांच्या अपेक्षांची पाहणी, व्यावसायिक अंदाजकर्त्यांची पाहणी या सगळ्यांकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. पहिल्या पाच वर्षांचा आढावा बँकेने २०२०-२१ च्या चलन व वित्त अहवालात घेतला. महागाईचा अंतर्गत कल पूर्वी ९ टक्क्यांच्या वर होता, तो ३.८ ते ४.३ टक्क्यांच्या पट्ट्यात आला आणि महागाई ६ टक्क्यांपुढे गेली की विकासाला निश्चित इजा होते, असे त्यात मांडले आहे. निष्कर्षांशी कोणी असहमत असू शकेल, पण ते तपासता येतात, खोडता येतात. संशोधनाकडून अपेक्षा तीच असते.

सर्वांत रंगतदार वाद अन्नधान्याच्या किमतींचा आहे आणि त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. २०१२ पायाभूत धरलेल्या ग्राहक निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेयांचा भार ४५.८६ टक्के होता. टोमॅटो महागला की निर्देशांक उसळतो. जुलै २०२३ मध्ये महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली, ती मुख्यतः भाज्यांमुळे. रेपो दर वाढवला म्हणून लासलगावच्या बाजारात कांद्याची आवक वाढत नाही, मग मध्यवर्ती बँकेने या भावांकडे बघायचेच कशाला, हा प्रश्न जुना आहे. जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणीने तो अधिकृतपणे मांडला आणि लक्ष्यातून अन्न वगळण्याचा विचार करावा असे सुचवले. महिन्याभरात रिझर्व्ह बँकेच्या बुलेटिनमध्ये तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर मायकेल देवव्रत पात्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. खाद्यभावांचे धक्के मोठे आणि सतत बसू लागले की ते अपेक्षांमधून आणि उत्पादनखर्चातून इतर किमतींमध्ये झिरपतात, त्यामुळे ते क्षणिक मानून सोडून देता येणार नाहीत, असे त्याचे म्हणणे. सरकारचे आर्थिक सल्लागार आणि मध्यवर्ती बँकेचे संशोधक उघडपणे एकमेकांना पुराव्याने उत्तर देत आहेत, हे दृश्य लोकशाहीच्या तब्येतीसाठी चांगले आहे.

मला पात्रा यांची बाजू अधिक पटते. पगार ठरवताना, भाडे वाढवताना, कारागीर मजुरी सांगताना माणूस भाजीच्या पिशवीवरूनच महागाईचा अंदाज बांधतो. कुटुंबांच्या पाहणीत लोक सांगतात ती महागाई अधिकृत आकड्यापेक्षा सतत बरीच जास्त असते, त्यामागे हेच कारण असावे. पण बँकेच्याच दुसऱ्या संशोधनाने या वादाची दुसरी बाजू उजेडात आणली. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार ग्राहक टोमॅटोसाठी देतो त्या रुपयातले सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात, कांद्यातले ३६ आणि बटाट्यातले ३७. उरलेले मधल्या साखळीत जातात. साठवणूक, खासगी बाजार, प्रक्रिया यांवर त्या निबंधात सूचना आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्या पाच महिन्यांत नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने भाववाढ रोखण्याची किंमत आपल्या पदरातून भरली. ४ टक्क्यांच्या लक्ष्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर किती पडते, या वाटपाचा अभ्यास बँकेने अजून पुरेसा केलेला नाही. तो तिच्याच आकड्यांतून करता येईल.

व्याजदर बदलल्यावर तो कर्जदारापर्यंत पोहोचतो का, या प्रश्नावर बँकेने प्रामाणिक काम केले आहे. प्राइम लेंडिंग रेट, २०१० चा बेस रेट, २०१६ चा एमसीएलआर, कर्जदर ठरवण्याच्या एकामागून एक पद्धती आल्या आणि बँका त्यांतून वाट काढत राहिल्या. दर वाढला की लगेच वसुली, उतरला की दिरंगाई. रिझर्व्ह बँकेचेच अधिकारी जनक राज यांच्या अभ्यासगटाने २०१७ मध्ये बँका दर काढताना मनमानी फेरफार करतात हे नोंदवले आणि बाहेरच्या मापदंडाला कर्ज जोडण्याची शिफारस केली. १ ऑक्टोबर २०१९ पासून नवी गृहकर्जे आणि लघुउद्योगांची बदलत्या दराची कर्जे तशी जोडली गेली. ठाण्यात किंवा सोलापुरात घर घेणाऱ्याचा हप्ता आज रेपो दराबरोबर हलतो, तो या अभ्यासामुळे.

आता २०२२ कडे येऊ. एप्रिलमध्ये महागाई ७.७९ टक्क्यांवर पोहोचली. ४ मे रोजी समितीने नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रेपो दर ०.४० टक्क्याने वाढवला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. जानेवारी ते सप्टेंबर २०२२ अशा सलग तीन तिमाहींत मर्यादा ओलांडली गेली, म्हणजे कायद्याने अपयश सिद्ध झाले. नोव्हेंबरमध्ये बँकेने सरकारला पत्र लिहिले. ते पत्र प्रसिद्ध करण्यात आले नाही. बँक ऑफ इंग्लंडचा गव्हर्नर असे पत्र अर्थमंत्र्याला लिहितो तेव्हा ते त्याच सुमारास सर्वांना वाचायला मिळते. आपल्याकडे इतकी उघड पद्धत उभी करून तिची सर्वांत महत्त्वाची कसोटी आली तेव्हाच दार लावून घेतले गेले, हे चूक होते आणि ते पत्र अजूनही प्रसिद्ध करता येईल.

मध्यवर्ती बँकेने स्वतःच्या धोरणावर केलेले संशोधन कितपत निष्पक्ष असू शकते, हा जगभरचा प्रश्न आहे. २०२१ मध्ये फाबो, यान्चोकोवा, केम्फ आणि पास्तोर यांनी मोठ्या प्रमाणावरील रोखेखरेदीच्या परिणामांवरचे शोधनिबंध तपासले. मध्यवर्ती बँकांच्या संशोधकांना विद्यापीठीय संशोधकांपेक्षा परिणाम मोठे आढळतात आणि असे परिणाम दाखवणाऱ्यांची नोकरीतली वाटचालही बरी होते, असे त्यांना दिसले. रिझर्व्ह बँकेच्या निबंधांवर ‘मते लेखकाची, बँकेची नव्हेत’ अशी ओळ असते, पण त्या ओळीने प्रश्न सुटत नाही. त्यावर उतारा बाहेरच्या तपासणीचा. बँक ऑफ इंग्लंडने आपले अंदाज चुकल्यावर अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे माजी अध्यक्ष बेन बर्नान्के यांना बोलावले आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांचा परखड अहवाल जसाच्या तसा छापला. आपल्याकडे बँकेनेच स्थापलेली गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, मुंबईतच कॅफ्राल ही वित्तीय संशोधन संस्था आहे, पुण्यात राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था आहे. माणसे आहेत. त्यांना आतली आकडेवारी सहजासहजी मिळत नाही.

इथून स्थैर्याच्या प्रश्नाकडे वळताना अकोल्याची आठवण काढणे भाग आहे. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली आणि पाठोपाठ केरळातली पलाई सेंट्रल बँक. ठेवीदारांचा जो आक्रोश झाला त्यातून १९६१ चा ठेव विमा कायदा आला आणि १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदारामागे १,५०० रुपयांचे संरक्षण मिळाले. १९९३ मध्ये ते १ लाख झाले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख. ही शेवटची वाढ पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेचे ठेवीदार महिनोन् महिने रस्त्यावर उतरल्यानंतरची. स्थैर्याच्या बाबतीत आपल्याकडे ज्ञानाआधी संकट येते, हा या इतिहासातला क्रम आहे.

त्याला एक सन्माननीय अपवाद आहे. वाय. व्ही. रेड्डी गव्हर्नर असताना, २००४ ते २००७ च्या तेजीत, घरे आणि व्यापारी जागांसाठीची कर्जे भराभर वाढत होती. रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांवरचा जोखीमभार (कर्जामागे बँकेने किती भांडवल राखायचे हे ज्यावरून ठरते तो) आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने वाढवल्या. व्यापारी स्थावर मालमत्तेचा जोखीमभार १०० वरून १२५ आणि मग १५० टक्क्यांवर नेला. तेव्हा बँकांनी कुरकुर केली. २००८ नंतर जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी नेमक्या याच साधनांवर ग्रंथ लिहिले. तेजीच्या वेळी व्याजदर वाढवावा की असे विशिष्ट उपाय करावेत, या वादात बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सचे क्लॉडिओ बोरिओ आणि फिलिप लोव यांनी २००२ मध्ये, किमती स्थिर असतानाही कर्जाचा फुगा वाढू शकतो, असा इशारा दिला होता. स्वीडनच्या रिक्सबँकने २०१० पासून कुटुंबांच्या कर्जाच्या धास्तीने दर चढवले. तिथले डेप्युटी गव्हर्नर लार्स स्वेन्सन यांनी विरोधात मत देऊन बजावले की त्यातून बेकारी वाढेल. पुढे महागाई लक्ष्याच्या खूप खाली गेली आणि २०१५ मध्ये दर शून्याखाली न्यावा लागला. व्याजदर हे बोथट हत्यार आहे आणि कर्जाच्या फुग्यासाठी रेड्डी यांची वाट बरी, असा कौल या अनुभवातून मिळतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये विनातारण ग्राहक कर्जांचा जोखीमभार १०० वरून १२५ टक्के करण्यात आला, तो याच परंपरेतला निर्णय.

संस्थात्मक पातळीवर स्थैर्याचे संशोधन २००९ नंतर उभे राहिले. डेप्युटी गव्हर्नर राकेश मोहन यांच्या वित्तक्षेत्र मूल्यमापन समितीचा अहवाल त्या वर्षी मार्चमध्ये आला, वित्तीय स्थैर्य कक्ष निघाला आणि मार्च २०१० मध्ये पहिला स्थैर्य अहवाल प्रसिद्ध झाला. बँकांमधल्या देण्याघेण्याचे जाळे, एका मोठ्या संस्थेच्या पतनाने इतर किती कोसळतील याचे गणित, मोठ्या धक्क्यात बँका किती तग धरतील हे पाहणाऱ्या ताणचाचण्या, सारे त्यात असते. काम दर्जेदार आहे. पण दोनदा त्याची कसोटी लागली आणि दोन्ही वेळचे निकाल बोलके आहेत.

पहिली वेळ २०१५-१६ ची. वर्षानुवर्षे पुनर्रचनेच्या नावाखाली आजारी कर्जे निरोगी दाखवली जात होती. चाचण्यांना तोच कच्चा माल पुरवला जात होता. तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी बँकांच्या मालमत्ता गुणवत्तेची तपासणी लावली आणि सप्टेंबर २०१५ ते मार्च २०१६ या सहाच महिन्यांत ढोबळ थकीत कर्जे एकूण कर्जांच्या ५.१ वरून ७.६ टक्क्यांवर गेली. मार्च २०१८ मध्ये ती ११ टक्क्यांच्या वर पोहोचली. दुसरी वेळ उलटी. जुलै २०२० च्या अहवालाने सांगितले की थकीत कर्जे मार्च २०२१ पर्यंत ८.५ वरून १२.५ टक्क्यांवर आणि अतितीव्र ताणात १४.७ टक्क्यांवर जातील. प्रत्यक्षात ती सुमारे ७.५ टक्के निघाली. हप्ते लांबणीवर टाकले गेले, सर्वोच्च न्यायालयाने वर्गीकरणाला काही काळ स्थगिती दिली, लघुउद्योगांच्या कर्जाला सरकारने हमी दिली. ताणचाचणी हे भाकीत नसते, हे मान्य. तरीही यातला किती फरक खरोखर अर्थव्यवस्था सावरल्याचा आणि किती सवलतींचा, हे वेगळे करून दाखवणारा सविस्तर अभ्यास अहवालातच यायला हवा होता. पतधोरणाचा अंदाज इतका ढळला असता तर त्यावर पानेच्या पाने आली असती. मार्च २०२५ मध्ये थकीत कर्जे २.३ टक्क्यांवर, अनेक दशकांतल्या नीचांकावर होती. आकडा सुखावणारा आहे, पण मागच्या चुकांचे निदान झालेले नसेल तर त्यावर किती विसंबावे हे कळत नाही.

त्याहून मोठी उणीव आहे ती काठावरच्या संस्थांबाबत. देशातल्या नागरी सहकारी बँका सर्वांत जास्त महाराष्ट्रात आहेत आणि मराठी मध्यमवर्गाची, दुकानदाराची, निवृत्त शिक्षकाची पुंजी त्यांत असते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढण्याची परवानगी होती. बँकेच्या एकूण कर्जापैकी सुमारे ७० टक्के एकाच बांधकाम समूहाकडे होते आणि ते हजारो बनावट खात्यांआड लपवलेले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्याच न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेतून सुमारे १२२ कोटी रुपये गेल्याचे उघड झाले. संपूर्ण व्यवस्थेच्या दृष्टीने हे आकडे लहान आहेत, म्हणून जाळ्याच्या नकाशात अशा बँका ठिपक्याएवढ्या दिसतात. पण २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना वित्त पुरवणारी कंपनी कोलमडली तेव्हा दिसले की विश्वास उडण्याची सुरुवात कुठूनही होऊ शकते. देखरेखीच्या कोणत्या टप्प्यावर काय दिसले होते, कोणते इशारे दुर्लक्षित राहिले, याचा संपूर्ण अहवाल रिझर्व्ह बँकेने पीएमसीबाबत लोकांसमोर ठेवलेला नाही.

अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. कारण नेमके या लेखाच्या दोन विषयांच्या सांध्यावरचे होते. महागाई रोखण्यासाठी दर वेगाने चढले, दीर्घ मुदतीच्या रोख्यांच्या किमती पडल्या आणि तोटा उघड होताच ठेवीदार धावले. फेडरल रिझर्व्हने २८ एप्रिलला, म्हणजे सात आठवड्यांत, आपल्याच देखरेखीच्या त्रुटींचा अहवाल गोपनीय कागदपत्रांसह प्रसिद्ध केला. तिथे आणि ब्रिटनमध्ये ताणचाचण्यांचे निकाल बँकेच्या नावानिशी छापले जातात. आपल्याकडे कोणत्या बँका चाचणीत कमी पडल्या हे नावानिशी कळत नाही. तपासणी अहवाल लोकांपासून दडवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये सांगितले, तरीही रस्सीखेच चालूच आहे. नावे जाहीर झाली तर घबराट पसरेल, हा बँकेचा युक्तिवाद पूर्णपणे पोकळ नाही. चालू बँकेच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. बुडालेल्या, विलीन झालेल्या, प्रशासक नेमलेल्या बँकेच्या बाबतीत त्यात काहीच तथ्य नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने महागाईच्या लक्ष्यावर चर्चापत्र काढले. एकूण महागाई धरावी की अन्न-इंधन वगळून, ४ टक्के योग्य आहे का, पट्टा बदलावा का, असे प्रश्न तिने जनतेला विचारले. ही पद्धत चांगली आहे आणि तीच स्थैर्यालाही लावता येईल. कायद्यात महागाईच्या अपयशासाठी जसे कलम आहे तसेच स्थैर्यासाठी करावे. कोणत्याही बँकेवर निर्बंध येऊन ठरावीक काळ लोटला की तिच्या देखरेखीचा संपूर्ण वृत्तांत एका वर्षात संसदेसमोर ठेवायचा, तो बाहेरच्या संशोधकांनी तपासायचा, आणि ताणचाचण्यांचे मागचे अंदाज किती ढळले याचे प्रकरण प्रत्येक स्थैर्य अहवालात सक्तीने घालायचे. सुरुवात पीएमसीपासून करावी. त्या बँकेचे विलीनीकरण जानेवारी २०२२ मध्येच झाले आहे. आता त्या कागदांनी कोणतीही घबराट पसरणार नाही, आणि ५ लाखांवरच्या ठेवी वर्षानुवर्षे अडकलेल्या ठेवीदारांना ते वाचण्याचा पहिला हक्क आहे.